रेस सोडली तरी गाडी पळते? तीन स्प्रिंग बघा

सिग्नलला उभे आहात, रेस पूर्ण सोडलीय, तरी स्कूटर पुढे सरकायला बघतेय. ब्रेकवरची बोटं जरा सैल केली की समोरच्या रिक्षाला टेकणार, अशी धाकधूक. ओळखीचं वाटतंय? मग गॅरेजमधलं उत्तरही ओळखीचं असेल, ‘क्लच गेला, पूर्ण सेट टाकावा लागेल.’ त्यात समोर स्कार्फ बांधलेली कॉलेजची मुलगी असेल, तर त्या ‘सेट’मध्ये बेल्ट, रोलर आणि आणखी काय काय येऊन बसतं. कधी कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा दुखणं असतं बोटाच्या पेरांएवढ्या तीन स्प्रिंगांचं. त्या घरी बदलता येतात.

‘गिअरलेस गाडीला कुठला आलाय क्लच?’ असं कुणी म्हणेल. लिव्हर नाही एवढंच, क्लच असतोच. १९७२च्या लुनापासून तो आपल्या रस्त्यांवर आहे. मागच्या चाकाजवळ एका गोल प्लेटवर तीन शू बसवलेले असतात, त्यांच्या बाहेरून एक लोखंडी वाटी, म्हणजे क्लच बेल. तुम्ही रेस दिली की बेल्ट ती प्लेट जोरात फिरवतो आणि जत्रेतल्या चक्रात आपण बाहेर फेकले जातो तसे शू बाहेर फेकले जाऊन बेलला धरतात. बेल फिरली की चाक फिरतं. फिरण्याचा वेग दुप्पट झाला की हा बाहेरचा जोर चौपट होतो. शूंना आत ओढून धरण्याचं काम तीन स्प्रिंगांचं. ट्रॅफिकमध्ये अर्धी रेस देत रांगत राहिलात की क्लच घसरतो, तापतो आणि स्प्रिंग हळूहळू सैल पडतात. मग शू कमी वेगालाच बेलला चिकटू लागतात.

पण पाना उचलण्याआधी थांबा! आयडलिंग वाढलेलं असेल किंवा रेसची केबल ताणलेली असेल, तरी गाडी अशीच पळते. आधी इंजिन चांगलं गरम होऊ द्या, कारण थंड असताना आयडलिंग मुळातच जास्त असतं. मग डबल स्टँडवर लावा. रेस न देता मागचं चाक अलगद फिरलं आणि हलक्या ब्रेकला गपकन थांबलं, तर घाबरू नका. ब्रेकला न जुमानता जोर करत राहिलं, तर केबलचा ढिलेपणा आणि आयडलिंग तपासा. ते ठीक असेल तर संशय स्प्रिंगांवर. आणि हो, गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नका.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. डाव्या बाजूचं लांबट कव्हर काढायचंय. त्याचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्या त्या जागी खोचून ठेवा. कव्हर अडलं तर रबरी हातोडीनं टकटक करा, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, गॅस्केट फाटतं. आतली काळी धूळ तोंडानं फुंकू नका. ती शूची झीज आहे, फुप्फुसात जाण्यासारखी गोष्ट नाही. मास्क लावा, ओल्या फडक्यानं पुसा.

आता बेलवरचा मोठा नट. तो सोडताना बेल फिरते, म्हणून ती धरायला पट्ट्याचा पाना किंवा होल्डर हवा. नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून मागून आणा. बेल निघाली की शू आणि स्प्रिंग समोर दिसतील. इथे क्लच प्लेटच्या मधोमध आणखी एक मोठा नट दिसेल. त्याला हात लावायचा नाही. त्याच्यामागे एक जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. नट सुटला तर सगळं तोंडावर उडतं. ते काम प्रेस असलेल्या गॅरेजचं.

मोबाइलवर फोटो काढा, अगदी जवळून. स्प्रिंगचा कुठला आकडा कुठल्या भोकात आहे, ते त्यात दिसलं पाहिजे. डोळ्यांवर गॉगल, हातात टोकदार पक्कड. एका वेळी एकच स्प्रिंग काढा, नवी लावा, मग दुसरी. एकच तुटलेली असली तरी तिन्ही बदला, नाहीतर एक शू आधी चिकटेल आणि दोन मागून. काही मॉडेलमध्ये जागा इतकी कमी असते की पूर्ण पुली बाहेर काढावी लागते. तसं असेल तर तिथेच थांबून गाडी गॅरेजला दिलेली बरी.

स्प्रिंग घ्यायला पुण्यात असाल तर नाना पेठ आहेच. मॉडेल आणि वर्ष सांगा, जुना नमुना सोबत न्या. रील्स बघून ‘रेसिंग’वाल्या कडक स्प्रिंग मात्र मागू नका. त्यांनी क्लच उशिरा धरतो, प्रत्येक सिग्नलला जास्त रेस द्यावी लागते, पेट्रोल जास्त जातं. शहरात त्याचा काडीचा उपयोग नाही.

बेल उघडलीच आहे तर शूचा पृष्ठभागही बघा. काचेसारखा चकाकत असेल तर पॉलिश पेपर हलकेच फिरवा. सुटताना गाडी थरथरते ती बहुतेक याच्यामुळे, नुसत्या स्प्रिंग बदलून ती थरथर जात नाही. लायनर पार झिजलं असेल तर मेकॅनिकचा ‘पूर्ण सेट’ बरोबर होता, वाद घालू नका. आत तेल दिसलं तर सील गळतंय, आधी ते बघा. शूला ग्रीस, तेल काहीही लावायचं नाही.

बेलचा नट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कइतकाच आवळा, कव्हर लावा आणि गाडी डबल स्टँडवरच सुरू करा. खरखर आली तर बंद करून परत उघडा. आवाज नसेल, चाक हलक्या ब्रेकला थांबत असेल, तर सोसायटीच्या आवारात दोन चकरा मारा, मग रस्त्यावर. पहिले काही दिवस क्लच जरा उशिरा धरल्यासारखा वाटेल. जुन्या सैल स्प्रिंगांची हाताला सवय झालेली असते, म्हणून.