क्रुसाची वाट आणि दफनभूमीतील भिंत

तमिळनाडूत सब-कलेक्टर असताना माझ्यासमोर एक अर्ज आला होता. एका कॅथलिक धर्मग्रामातील दलित कुटुंबांची मागणी साधी होती : उपवासकाळात दर शुक्रवारी निघणारी ‘क्रुसाची वाट’ आमच्याही वस्तीतून जावी. अर्जदार कॅथलिक होते आणि विरोधकही कॅथलिकच. मी शांतता समितीची बैठक घेतली, दोन्ही बाजू ऐकल्या आणि ‘पूर्वापार मार्ग कायम ठेवावा’ असा शेरा लिहिला. गावात दंगल झाली नाही. वरिष्ठांनी समाधान व्यक्त केले. इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी असूनही ‘पूर्वापार’ म्हणजे केव्हापासून, हे मी विचारले नाही.

त्याचे उत्तर दूर नव्हते. १६०६ साली मदुराईत आलेले इटालियन जेझुइट रॉबर्ट दि नोबिली संन्याशाच्या वेषात राहिले. जानवे ही धर्माची नव्हे, सामाजिक दर्जाची खूण आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १६२३ मध्ये पोपनी तो काही अटींवर मान्य केला. पुढे याच मिशनमध्ये उच्च जातींसाठी वेगळे आणि इतरांसाठी वेगळे धर्मोपदेशक नेमले गेले. नवा धर्म स्वीकारताना जात उंबरठ्याबाहेर ठेवावी लागली नाही. वेगळ्या दफनभूमी, किंवा एकाच दफनभूमीतील भिंत, हा त्याच तडजोडीचा वारसा आहे.

गेल्या उपवासकाळात मी त्या धर्मग्रामात पुन्हा गेलो. तमिळ कॅथलिक या काळाला ‘तवक्कालम’, म्हणजे तपाचा काळ म्हणतात. भस्म बुधवारी आदल्या वर्षीच्या झावळ्यांची राख कपाळाला लावली जाते, आणि रविवार वगळून चाळीस दिवस उपवास, प्रार्थना व दानधर्म चालतो. तेथील तरुण धर्मगुरूंनी यंदा वेगळे तप सुचवले होते. पोप पॉल सहावे यांनी १९६६ मध्ये उपवासाला सेवाकार्याची जोड देण्यास बिशपांना वाव दिला, त्याचा त्यांनी आधार घेतला. मांस वर्ज्य करणे सोपे आहे, त्याबरोबर मान वर्ज्य करा, असा त्यांच्या प्रवचनाचा आशय होता. दर शुक्रवारी रस्त्यापलीकडच्या घरी जाऊन तिथली कांजी प्यावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

पहिल्या शुक्रवारी मोजकीच माणसे गेली. काही घरांनी तर त्या दिवशी दार लावून घेतले. अखेरच्या शुक्रवारी मात्र क्रुसाच्या वाटेच्या चौदा स्थानांपैकी पाच दलित वस्तीत होती. क्रूस वाहणाऱ्यांत दोन्हीकडचे खांदे होते. मूळ अर्जदारांपैकी एक वृद्ध गृहस्थ मला भेटले. त्यांनी माझा शेरा काढला नाही. माझा हात धरून ते मला दफनभूमीपर्यंत घेऊन गेले आणि भिंत दाखवली. ती अजून उभी आहे.

ही भिंत केवळ चर्चची नाही. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो खुला झाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलित बाहेरच राहिले. हा दर्जा धर्मनिरपेक्ष करावा, असे रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये सुचवले. पुढे २०२२ मध्ये हाच प्रश्न न्या. बालकृष्णन आयोगाकडे सोपवण्यात आला. ख्रिस्ती धर्मात जात नाही, हा दर्जा नाकारणाऱ्यांचा मुख्य मुद्दा. धर्मशास्त्र म्हणून चर्चही तेच सांगते. दफनभूमीतील भिंत मात्र दोघांनाही खोटे पाडते.

भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ च्या आपल्या धोरणात चर्चमधील जातिभेद स्पष्टपणे मान्य केला. ती कबुली महत्त्वाची आहे, कारण प्रायश्चित्ताची सुरुवात कबुलीनेच होते. पण कबुलीनंतर कृती यावी लागते. दलित ख्रिस्त्यांसाठी न्याय मागणाऱ्या चर्चने आपल्या आवारातील भिंत पाडण्यासाठी आयोगाच्या अहवालाची वाट पाहू नये; आणि चर्चने ती पाडेपर्यंत थांबण्याचे कारण सरकारलाही नाही. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवण्यात सात दशके गेली.

शासन माणसांची मने बदलू शकत नाही, असे आम्ही अधिकारी वारंवार म्हणतो. ते खरे आहे. परंतु माझ्या शेऱ्याने मने बदलू पाहणाऱ्यांची वाट पस्तीस वर्षे अडवली. त्या गावाने एका उपवासकाळात ती मोकळी केली.