एका पांढऱ्या ठिपक्यामागे साडेसहा लाख गणितं

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घरच्या कॉम्प्युटरचं कोटेशन मागितलं की प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस अशी यादी भराभर कागदावर उतरते. मग पेन थांबतं आणि प्रश्न येतो, ‘ग्राफिक्स कार्ड कुठलं टाकू?’ आपण म्हणतो, गेम वगैरे कोणी खेळत नाही हो घरात. त्यावर उत्तर तयार असतं: ‘मग छोटंसं टाकून देतो, दोन जीबीचं.’ या वाक्यात दोन गोष्टी न बोलता धरून चाललेल्या आहेत. कार्ड लागतंच ही एक, आणि कार्डाची ताकद जीबीत मोजतात ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत, पण त्या का चुकीच्या हे कळायला आधी शोकेसमधल्या सगळ्यात मोठ्या खोक्यापाशी थोडं थांबायला हवं.

एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलं. फूटभर लांब, दोन किलोंहून जड. पंखे आणि धातूच्या पट्ट्या काढल्या तर आत उरतो सिलिकॉनचा एक तुकडा, ६०८ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे इंचभर लांब-रुंद चौकोनापेक्षाही लहान. त्या जागेत ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. जगातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला नऊ येतील. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, कोणी ते मोजायला बसलं तर २,४०० वर्षं लागतील. आज मोजणी संपवायची असती तर ती चंद्रगुप्त मौर्याच्या जन्माआधी सुरू करायला हवी होती. २०२५ मध्ये आलेल्या ५०९० मध्ये हा आकडा ९,२२० कोटींवर गेला. मोजणीची सुरुवात आणखी पाचशे वर्षं मागे न्यावी लागेल.

४०९० मधल्या ट्रान्झिस्टरांचे मिळून १६,३८४ छोटे गणिती बनतात. खोक्यावर ‘कोर’ म्हणून मिरवतात ते हेच. प्रत्येकाचा ठोका सेकंदाला सुमारे २५२ कोटी वेळा पडतो आणि प्रत्येक ठोक्याला एक गुणाकार आणि एक बेरीज होते, तीही दशांश चिन्हाच्या आकड्यांची. १६,३८४ गुणिले २५२ कोटी गुणिले २ केलं की उत्तर येतं ८२.६ लाख कोटी. सेकंदाला. सरकारी अंदाजपत्रकामुळे ‘लाख कोटी’ कानाला सवयीचे झालेत, पण तिथे निदान वर्षाचा हिशेब असतो.

जगातल्या ८०० कोटी माणसांना, तान्ह्या बाळांसकट, सेकंदाला एक गणित करायला लावलं तर या कार्डाचं एका सेकंदाचं काम उरकायला सगळ्या मानवजातीला जवळपास तीन तास लागतील. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं परार्धापर्यंत जातात, म्हणजे एकावर सतरा शून्यं. सेकंदाला एक गणित करणारा माणूस परार्धाला ३१७ कोटी वर्षांनी पोचेल. हे कार्ड वीस मिनिटांत पोचतं.

आता आपल्या टेबलावर येऊ. साधा फुल एचडी मॉनिटर आडवा १,९२० आणि उभा १,०८० ठिपक्यांचा असतो. गुणाकार केला की २०,७३,६०० ठिपके. मॉनिटर सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके भरायचे. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येकी २५६ छटा आणि त्यांतून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग शक्य. आकडे इथेही मोठेच वाटतात. पण ८२.६ लाख कोटींना या १२.४४ कोटींनी भागून पाहा. दर ठिपक्यामागे, दर वेळी तो रंगवताना, साडेसहा लाखांहून जास्त गणितं हाताशी राहतात. एक्सेलचा कोरा रकाना उघडा आहे, ठिपका पांढरा आहे, मघाशीही पांढरा होता, सेकंदाच्या पुढच्या साठाव्या भागातही पांढराच असणार. त्याच्यासाठी साडेसहा लाख गणितं करायची कशाची?

गेममध्ये मात्र ती खरोखर लागतात. तिथल्या खोलीत दिवा हलला की प्रत्येक ठिपक्याशी उजेड कुठून येतो, वाटेत काय आडवं येतं, पाण्यावरून तो किती परततो, हे सगळं नव्याने मांडावं लागतं. पुढच्या क्षणी खेळाडूने मान वळवली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. वर्डमध्ये तुम्ही ‘क’ टाइप केलात तर काहीशे ठिपके बदलतात आणि बाकीचे वीस लाख जागचे हलतही नाहीत. घरगुती कामाचं चित्र बहुतेक वेळ असं निश्चल असतं.

म्हणून हे काम प्रोसेसरच्याच कोपऱ्यात बसवलेल्या चित्रविभागाने भागतं. इंटेलचा कोअर आय५-१२४०० घ्या. त्यात यूएचडी ७३० नावाचा विभाग आहे. दुकानात त्याला कोणी कार्ड म्हणत नाही, खोक्यावर त्याचं चित्र नसतं, आणि कोटेशनमध्ये त्याची ओळही नसते. २४ गट, प्रत्येकात ८ गणिती, म्हणजे एकूण १९२. १६,३८४ च्या पुढे हा आकडा सांगायलाही संकोच वाटावा. ठोका सेकंदाला १४५ कोटींपर्यंत. पण गुणाकार इथेही करून बघू: १९२ गुणिले १४५ कोटी गुणिले २, म्हणजे ५५,६८० कोटी गणितं सेकंदाला. दर ठिपक्याच्या वाट्याला जवळजवळ साडेचार हजार. सगळ्या मानवजातीला या फुकटातल्या कोपऱ्याची बरोबरी करायला सत्तर सेकंद लागतील, आणि परार्ध तो दोन दिवसांत गाठेल.

पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये परम १०००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्याची बातमी मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांनी अभिमानाने वाचली होती. १६० प्रोसेसर, सेकंदाला १०,००० कोटी गणितं. यूएचडी ७३० चा आकडा त्याच्या साडेपाच पट भरतो. ही तुलना काटेकोर नाही, हे सांगायला हवं: परमची गणितं दुप्पट लांबीच्या आकड्यांची होती आणि हवामानाच्या कामाला तशीच लागतात, तर चित्राला आखूड आकडे पुरतात. तरीही ज्या कोपऱ्याला दुकानदार ‘नुसतं ऑनबोर्ड’ म्हणून उडवून लावतो, त्याची इयत्ता यातून कळावी.

इथे एक अक्षर सांभाळायचं. आय५-१२४०० आणि आय५-१२४००एफ यांत ‘एफ’ असलेल्याचा चित्रविभाग बंद केलेला असतो. बाजारात आले तेव्हा दोघांच्या किमतीत २५ डॉलरचा फरक होता. कोटेशन स्वस्त दिसावं म्हणून एफवाला घातला की वेगळं कार्ड घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट त्या कार्डात जातात. एएमडीकडेही असाच घोळ आहे. रायझन ५६०० ला चित्रविभाग नाही, ५६००जी ला चांगला ४४८ गणितींचा आहे. ७००० च्या मालिकेत बहुतेकांना छोटा १२८ चा दिलाय, पण ७५००एफ ला नाही. बिलावर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या, शेवटच्या अक्षरासकट.

आता ते ‘दोन जीबीचं छोटंसं’. बहुतेकदा ते जीटी ७१० किंवा जीटी १०३० असतं. जीबी म्हणजे कार्डाच्या गोदामाची जागा. माल किती वेगाने आत-बाहेर होतो, ते त्यावरून कळत नाही. फोर-के पडद्याच्या एका अख्ख्या चित्राला ३.३ कोटी बाइट लागतात, म्हणजे दोन जीबीत अशी ६४ चित्रं मावतील. टेबलावर तर एका वेळी एकच दिसतं. खरा आकडा वेगाचा आहे, आणि तो खोक्यावर बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. जीटी १०३० दोन प्रकारचं निघालं. जीडीडीआर५ मेमरीचं सेकंदाला ४८ जीबी हलवतं, डीडीआर४ चं फक्त १६.८. नाव तेच, जीबी तेच, वेग जेमतेम तिसरा हिस्सा. एकाच नावाखाली असं विकण्याला मी तरी लबाडीच म्हणेन. नेहमीचं डीडीआर३ चं जीटी ७१० तर १४.४ वरच थांबतं.

उलट प्रोसेसरमधला विभाग कॉम्प्युटरचीच रॅम वापरतो. डीडीआर४-३२०० च्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर वेग सेकंदाला ५१.२ जीबी. एकच पट्टी लावली तर निम्मा, २५.६. म्हणून कार्डावर पाच पैसे घालवण्याआधी १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन मागा. एवढ्यानेच रस्ता दुप्पट रुंद होतो, आणि दुकानात हे आपणहून फारसं कोणी सांगत नाही.

शिवाय व्हिडिओ. नेटवरचा सिनेमा आपल्यापर्यंत किती आवळून येतो याची कल्पना नसते. फुल एचडीचं एक चित्र ६२ लाख बाइटांचं, सेकंदाला २४ चित्रं, तर न आवळलेला सिनेमा सेकंदाला सुमारे १५ कोटी बाइट खाईल. मोबाइलचा रोजचा दीड जीबी डेटा दहा सेकंदांत खलास! तीन तासांचा चित्रपट १,६०० जीबींच्या वर जाईल. प्रत्यक्षात तो पाच-सात जीबीत येतो, म्हणजे दोन-तीनशे पट आवळून. ती गाठ सोडवण्याचं काम हल्ली एक वेगळा, फक्त त्यासाठीच बनवलेला विभाग करतो. यूट्यूब ज्या नव्या एव्ही१ पद्धतीकडे सरकलंय, ती यूएचडी ७३० मधल्या विभागाला येते. २०१७ च्या जीटी १०३० ला येत नाही. एवढंच काय, २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या आरएक्स ६४०० लाही येत नाही. म्हणजे नव्या कॉम्प्युटरला ‘छोटंसं कार्ड’ लावून तुम्ही पैसे भरून एक पायरी खाली उतरता.

ज्या आकड्याने घरच्या माणसाची खरोखर अडचण होते, तो ना कोरांचा ना जीबीचा. तो केबलचा आहे. फोर-के मॉनिटरवर ८२,९४,४०० ठिपके. ६० ने गुणा, प्रत्येकी २४ बिट धरा: सेकंदाला १,१९४ कोटी बिट. ओळींमधली रिकामी वेळ आणि पाठवण्याच्या पद्धतीचा भार मिळून प्रत्यक्ष तारेतून १,७८२ कोटी जावे लागतात. एचडीएमआय १.४ ची कमाल १,०२० कोटी. एचडीएमआय २.० ची १,८०० कोटी, जेमतेम मापात. स्वस्तातल्या काही मदरबोर्डांवर अजूनही १.४ असतं, आणि मग हौसेने आणलेला फोर-के पडदा सेकंदाला ३० वर अडकतो. माऊस ओढल्यासारखा चालतो, स्क्रोल करताना अक्षरं अडखळतात, आणि दुकानदार ‘कार्ड टाका’ म्हणून मोकळा. त्यापेक्षा मदरबोर्ड निवडतानाच ‘यावर फोर-के ६० हर्ट्झ मिळतं का’ एवढं विचारा. यूएचडी ७३० चार पडदे चालवू शकतो. मागे पोर्ट किती आणि कसले आहेत, यावर ते ठरतं. पोर्ट मदरबोर्डावरच्या पट्टीत असतात, तेव्हा केबलही तिथेच लावायची.

कार्ड लागणारी माणसं आहेतच, आणि ती गेम न खेळणारीही असतात. ब्लेंडरमध्ये त्रिमिती चित्रं करणारा, फोर-के व्हिडिओ रोज एडिट करणारी, घरच्या मशिनवर भाषेचं एआय मॉडेल चालवू बघणारा. या शेवटच्याच्या बाबतीत मात्र जीबी अगदी थेट मोजावे लागतात. ७०० कोटी घटकांचं मॉडेल, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे १४ जीबी. आठ जीबीच्या कार्डात ते शिरणारच नाही. तेच घटक चार-चार बिटांत दाबले तर साडेतीन जीबीत बसतं, वर कामापुरती जागा वेगळी. अशांनी १२ किंवा १६ जीबीकडे बघावं; तिथे कोर थोडे कमी असले तरी चालेल.

विजेचंही थोडं. ४०९० पूर्ण जोरात ४५० वॉट ओढतं, म्हणजे नऊ वॉटचे पन्नास एलईडी दिवे, आणि त्यासाठी कंपनी ८५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. आय५-१२४०० ची मूळ मर्यादा, चित्रविभाग धरून, ६५ वॉट. पंख्याचा आवाज कमी, कॅबिनेट लहान, यूपीएसही साधा चालतो.

मन तरीही साशंक असेल, तर मदरबोर्डावरचा लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट रिकामा राहू द्या. तो कार्डाला स्वतःच ७५ वॉटपर्यंत वीज पुरवतो, त्यामुळे त्या मर्यादेतलं कार्ड पुढे कधी आणलं तर वेगळी वायरही लागत नाही. त्याहून मोठं आणण्याचा विचार डोक्यात असेल तर आज फक्त एसएमपीएस नावाजलेला, ५५० वॉटचा आणि आठ पिनांची कार्डाची वायर असलेला घ्या. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर किती वॉट छापलेत याकडे बघू नका. तो आकडा या अख्ख्या कोटेशनमध्ये सगळ्यात कमी विश्वासाचा.