‘दोन मिंटं थांब की बे’ : टूर्नामेंटचं टायमिंग नेमकं कोणासाठी पाळायचं?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज पाहुणा नाही, मी एकटाच आहे. कारण आजच्या विषयात शिव्या खाणारा माणूस मीच आहे.

नेहमी ऐकणाऱ्यांना माहितीये, मी सोलापुरात बीजीएमआयच्या लोकल टूर्नामेंट घेतो. फार मोठं काही नाही. १६ टीम, प्रत्येकी ४ पोरं, शनिवार-रविवार रात्री मॅचेस. लोकांना वाटतं अ‍ॅडमिनचं काम म्हणजे रूम बनवायची, आयडी-पासवर्ड ग्रुपवर टाकायचा, झालं. पण खरं डोकं खातं ते एकच काम : वेळ पाळायला लावणं. आणि मला सगळ्यात जास्त मेसेज येतात तेही याच्यावरच. ‘दादा, आम्ही पण आमच्या तालुक्यात टूर्नामेंट घ्यायलोय. लेट येणाऱ्या टीमचं काय करायचं? कडक राहायचं की सांभाळून घ्यायचं?’

उत्तर देतो. पण आधी माझी चूक सांगतो.

त्या रविवारी काय झालं

फायनलचा दिवस. चार मॅचेस. पहिली साडेसातला, शेवटची सव्वानऊला, पावणेदहापर्यंत सगळं आटोपणार असं ग्रुपवर टाकलेलं. साडेसात वाजले. लॉबीत १५ टीम. सोळावी टीम माझ्या कॉलेजच्या दोस्तांची. फोन लावला तर, ‘दोन मिंटं थांब की बे, यायलेत पोरं. एकजण सात रस्त्याला अडकलाय.’

थांबलो. दोनाचे बारा झाले. तिसऱ्या मॅचच्या आधी दुसऱ्या एका टीमचं काहीतरी झालं. आता दोस्तांसाठी थांबलो म्हटल्यावर यांना नाही कसं म्हणणार? तिथेही थांबलो. शेवटची मॅच सुरू व्हायला नऊ चाळीस झाले.

तीन मॅचनंतर पूर्व भागातली एक टीम ६ पॉइंटने पुढे होती. त्यातला एक पोरगा टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला. दहाला हजर व्हायचं. तो पावणेदहाला फोन खिशात टाकून निघाला. निघणारच. राहिलेल्या तिघांनी मॅच खेळली, लवकर उडाले, आणि ट्रॉफी ४ पॉइंटने गेली.

कोणी भांडलं नाही. ग्रुपवर सगळ्यांनी ‘जीजी’ टाकलं. रात्री त्या टीमच्या कॅप्टनचा मला वेगळा एकच मेसेज आला : ‘दादा, आम्ही सव्वासातलाच आलो होतो.’

बास. एवढंच. मला झोप लागली नाही.

उशीर झालेल्याचा आवाज ऐकू येतो, वेळेवर आलेल्याचा नाही

आता हे जरा गणितात बघू. एक टीम १० मिनिटं लेट. बाकीचे १५ गुणिले ४, म्हणजे ६० खेळाडू थांबले. ६० जणांची १० मिनिटं म्हणजे ६०० मिनिटं. दहा तास! मी ‘दहाच मिनिटं’ म्हणत होतो आणि प्रत्यक्षात लोकांचे दहा तास वाटून टाकत होतो. माझे नव्हतेच ते.

मग हे लक्षात का येत नाही? कारण लेट येणारा तुम्हाला फोन करतो. त्याचा आवाज ओळखीचा असतो, त्याच्याकडे कारण असतं, आणि बऱ्याचदा कारण खरंही असतं. वेळेवर आलेला मात्र लॉबीत गप्प बसलेला असतो. त्याच्या वतीने बोलायला कोणीच नसतं.

इथे मला खाशाबा जाधव आठवतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ५७ किलो गटात फ्रीस्टाईल कुस्तीचं ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण त्यातली वेळापत्रकाची गोष्ट फार कमी जणांना माहिती असते. जपानच्या इशीशी त्यांची लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि लगेच त्यांना सोव्हिएत रशियाच्या पैलवानाबरोबर मॅटवर बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी असा नियम होता, असं सांगतात. पण तो नियम दाखवून भांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले.

बघा, नियम होता. फक्त तो बोलून दाखवणारं कोणी नव्हतं. म्हणून मी आता अ‍ॅडमिनच्या कामाची व्याख्याच अशी करतो : जो गप्प आहे, त्याच्या वतीने नियम बोलून दाखवणारा माणूस.

दया दाखवायची, पण वेळापत्रकात

आता तुम्ही म्हणाल, दादा, म्हणजे एकदम हिटलर व्हायचं का? नाही. माझं म्हणणं एवढंच की सांभाळून घ्यायचं असेल तर ते वेळापत्रक बनवताना घ्या. मॅचच्या वेळी नाही. कारण वेळापत्रकातली सवलत सोळाही टीमला मिळते. मॅचच्या वेळची सवलत फक्त ज्याच्याकडे तुमचा नंबर आहे त्याला मिळते.

सोलापूरचंच घ्या. जानेवारीत गड्डा यात्रा असते. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत अर्धं गाव रस्त्यावर असताना तुम्ही सेमीफायनल ठेवली, तर लेट येणाऱ्याची चूक की तुमची? फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा. रमजानमध्ये इफ्तार आणि तरावीहच्या वेळा. शनिवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसने घरी येणारी पोरं, त्यांना वाटेत नेटवर्क कुठून मिळणार? आणि काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी! ज्या गल्लीत पाणी सुटायची वेळ आठची आहे, तिथल्या पोराला आई मोबाईल हातात धरू देईल का?

म्हणून आता नोंदणीच्या फॉर्ममध्ये मी एक प्रश्न टाकतो : कोणत्या वेळी तुमच्या टीमला अजिबात जमणार नाही? पाळी, क्लास, परीक्षा, नमाज, काहीही. उत्तरं बघून मग वेळ ठरते. सगळ्यांचं जमवता येत नाही, पण बहुतेकांचं जमतं. वयही विचारतो. २०२३ मध्ये बीजीएमआय परत सुरू झाला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. अशा पोरांच्या टूर्नामेंटमध्ये तुम्ही अर्धा तास नुसता थांबण्यात घालवलात, तर तो त्यांच्या दिवसातून जाऊ शकतो.

आमचे नियम, सोप्या भाषेत

त्या फायनलनंतर मी आणि माझ्या सोबतच्या अ‍ॅडमिनने बसून नियम लिहून काढले. पानभरच आहेत. तुम्ही खुशाल उचला.

१. चेक-इन ७ ते ७:२०. कॅप्टनने ग्रुपवर चारही खेळाडूंची नावं टाकायची. ७:२५ ला आयडी-पासवर्ड. ७:३५ ला मॅच सुरू. ती दहा मिनिटं हीच सवलत. त्याच्यावर सवलत नाही.

२. घड्याळ कोणाचं? अ‍ॅडमिनच्या फोनचं, वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवलेली. हे लिहिलं नव्हतं तेव्हा ‘माझ्या घड्याळात तर अजून दोन मिनिटं आहेत’ यावर अर्धा तास वाद व्हायचा.

३. प्रत्येक टीमला एक राखीव खेळाडू, नाव आधीच दिलेलं. सात रस्त्याला अडकलेल्यासाठी हाच उपाय. तिघांनी खेळायचं असेल तर तेही चालेल.

४. टीम आली नाही तर त्या एका मॅचचे शून्य पॉइंट. टूर्नामेंटमधून बाहेर नाही, पुढची मॅच खेळू शकता. शिक्षा चुकीच्या मापाची असावी. पहिल्याच उशिराला बाहेर काढायचा नियम ठेवलात, तर तो वापरायला तुमचाच हात धजणार नाही, आणि न वापरलेला नियम नसल्यासारखाच.

५. मॅच पुढे ढकलायची विनंती २४ तास आधी, आणि ग्रुपवर. मला वेगळा मेसेज टाकलेला धरणार नाही.

६. एकाचं नेट गेलं तर मॅच थांबणार नाही. पहिल्या तीन मिनिटांत ४ किंवा जास्त टीम एकदम बाहेर पडल्या, तर एकदाच रिस्टार्ट. हा ‘४’ आकडा आधीच लिहिलेला पाहिजे. नाहीतर लाईट कोणाच्या एरियातली गेली ते बघून अ‍ॅडमिन निर्णय घेतो. मी घेतलेला आहे, म्हणून सांगतो.

७. ज्या टीममध्ये माझा भाऊ, दोस्त, जुना टीममेट आहे, तिचा निर्णय दुसरा अ‍ॅडमिन घेणार. मी त्यावर अंगठाही टाकणार नाही.

८. प्रत्येक निर्णय ग्रुपवर तीन ओळींत : काय झालं, कोणता नियम, परिणाम काय. सोबत स्क्रीनशॉट. हरकत असेल तर अर्ध्या तासात, फक्त कॅप्टनने.

हे सगळं तीन दिवस आधी ग्रुपवर जातं आणि प्रत्येक कॅप्टन ‘वाचलं’ असं लिहितो. बुद्धिबळात हेच आहे. फिडेच्या नियमांत किती उशीर चालेल हे स्पर्धेने आधीच जाहीर करायचं असतं. जाहीर केलं नाही, तर सवलत शून्य मिनिटं. पंचाला वेगळा निर्णय घ्यायची मुभा तिथेही आहे. पण आपल्याकडे गल्लीतली टूर्नामेंट, सगळे ओळखीचे. इथे मुभा जितकी कमी तितकी मैत्री टिकते.

समोरच्या टीमला विचारू नका

अजून एक चूक. बरेच अ‍ॅडमिन काय करतात, ग्रुपवर विचारतात, ‘थांबायचं का रे सगळ्यांनी?’ वरवर लोकशाही वाटते. पण जो ‘नको’ म्हणेल तो व्हिलन होतो. मग कोणीच बोलत नाही, आणि तुम्ही म्हणता सगळ्यांची संमती होती.

६ नोव्हेंबर २०२३ आठवतंय? दिल्लीत वर्ल्ड कपची मॅच, श्रीलंका विरुद्ध बांगलादेश. अँजेलो मॅथ्यूज क्रीझवर आला, हेल्मेटचा पट्टा तुटला, दोन मिनिटांत चेंडू खेळायला तयार झाला नाही. शाकिबने अपील केलं आणि मॅथ्यूज टाइम्ड आऊट. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिल्यांदाच. नियम होता, पंचांनी तो लावला. तरी सगळा राग शाकिबवर निघाला, कारण क्रिकेटमध्ये बाद द्यायला अपील लागतं. आपल्या टूर्नामेंटमध्ये ते ओझं समोरच्या टीमवर टाकायची गरजच नाही. ७:३५ झाले, अ‍ॅडमिनने स्टार्ट दाबलं. शिव्या अ‍ॅडमिनला. त्यासाठीच तो आहे.

आता कोणी म्हणेल, गेमच तर आहे, एवढं काय? डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत त्याची पदकं दिली गेली. २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाईन गेम एकीकडे काढले आणि ई-स्पोर्ट्स वेगळं धरलं. घरच्यांना ‘हा खेळ आहे’ असं सांगायचं असेल, तर खेळासारखी वेळही पाळली पाहिजे. ‘साडेनऊला संपेल’ म्हणून अकराला संपलं, की आईच्या लेखी तो टाईमपासच.

मग पुढे काय झालं

पुढच्या सीझनला दोस्तांची टीम परत लेट. नियम ७ प्रमाणे निर्णय दुसऱ्याने घेतला. शून्य. एकजण माझ्याशी महिनाभर बोलला नाही. नंतर बोलायला लागला. आता त्यांचा राखीव खेळाडू सातलाच येऊन बसतो.

खरी परीक्षा त्याच्यानंतर आली. पूर्व भागातली ती टीम, सव्वासातला येणारी, एका शनिवारी ७:३५ ला नव्हती. १५ टीम लॉबीत. माझं बोट स्टार्टवर. आतून वाटत होतं, यांचं मी एकदा नुकसान केलंय, आज दोन मिनिटं थांबून फेडून टाकू. पण फेडणार कोणाच्या वेळेतून? त्या दिवशीही लॉबीत कोणीतरी असेल ज्याला दहाला कामावर जायचंय.

स्टार्ट दाबलं. ७:३९ ला त्यांचा कॅप्टन ग्रुपवर आला. मी तीन ओळी टाकल्या. त्याने उत्तर दिलं : ‘ठीक आहे दादा. नियम ४. पुढच्या मॅचला आलो.’

आणि पुढच्या मॅचला चौघंही पाच मिनिटं आधी हजर होते.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या टूर्नामेंटमध्ये कोणता नियम चालला, कोणता फसला, व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. आणि हो, पुढचा एपिसोड रविवारी रात्री नऊला. नऊ म्हणजे नऊ!