हरसूलच्या घरात काय वाजते?

वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत एक चौकट अधूनमधून येत असते. कुणा नटाला, कुणा लेखकाला, कुणा निवृत्त अधिकाऱ्याला विचारले जाते, 'सध्या घरी काय ऐकता?' मग उत्तरे येतात. कुणी किशोरी आमोणकर ऐकतो, कुणी मेहदी हसन, कुणी जाझ. ऐकावे, जरूर ऐकावे. चांगले गाणे कुणाच्या बापाची इस्टेट नाही. प्रश्न एवढाच, की हा प्रश्न आमच्या वस्तीच्या दारापर्यंत कधीच का येत नाही? आमच्या घरात गाणे फक्त १४ एप्रिलला वाजते आणि उरलेले वर्षभर आम्ही बहिरे असतो, असा या संपादकांचा समज आहे काय?

म्हणून तोच प्रश्न आपणच विचारावा असे ठरवले, आणि निमित्त मिळाले हरसूलचे.

नाशिकहून गिरणारेमार्गे वाघेरा घाट ओलांडला की त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हे बाजाराचे गाव येते. मुलूख आदिवासींचा. कोकणा, वारली, महादेव कोळी. पाऊस धो धो, आणि पाऊस संपला की पोटासाठी स्थलांतर. अशा गावात एक गुरुजी राहतात. मूळचे सिन्नरकडचे, नोकरीच्या निमित्ताने इकडच्या शाळांवर आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. आपल्या चळवळीतले जुने कार्यकर्ते. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही.

एका रविवारी त्यांच्या ओटीवर आम्ही पाच-सहा जण बसलो होतो. गुरुजी, वहिनी, नाशिकला कॉलेजात शिकणारी त्यांची नात, शेजारचा एक कोकणा शेतकरी मित्र आणि आणखी दोघे-तिघे. मी विचारले, 'सध्या घरी काय ऐकता?' सगळे आधी हसले. मग गुरुजी आत गेले आणि बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात कॅसेटी. त्यांतली एक त्यांनी माझ्या हातात दिली. वर छापलेले नाव एका हिंदी सिनेमाचे, आणि त्यावर निळ्या शाईने लिहिलेले, 'वामनदादा'.

ज्यांनी कॅसेट हाताळलेली नाही त्या तरुण वाचकांसाठी सांगतो. कॅसेटच्या एका कडेला दोन छोट्या खाचा असतात. कंपनीच्या भरलेल्या कॅसेटवर त्या खाचांतल्या टिकल्या मुद्दाम मोडलेल्या असतात, म्हणजे तिच्यावर कुणी दुसरे काही भरू नये. पण खाचांवर चिकटपट्टी लावली की झाले, मशीन फसते! गुरुजींनी तेच केले होते. घरात कोरी कॅसेट नव्हती आणि जवळच्या गावात वामनदादांचा कार्यक्रम होता. मग सिनेमाच्या गाण्यांवर पट्टी चिकटवली, सेल घातलेला टेपरेकॉर्डर स्टेजच्या कडेला ठेवला आणि अर्धा-अर्धा तासाच्या दोन बाजू भरून घेतल्या. एका बाजूला अजून आवाज आहे. मधूनच कुणाचे तरी लहान मूल रडते, कुणी तरी पाच रुपयांचे बक्षीस पुकारते, आणि त्या सगळ्यातून दादांचा आवाज वर येतो.

वामनदादा कर्डक म्हणजे याच जिल्ह्याचे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले, १५ मे २००४ रोजी गेले. मुंबईत आले तेव्हा अक्षरओळख नव्हती. कुणीतरी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता आले नाही याची लाज त्यांना इतकी लागली की मोठेपणी ते बाराखडी शिकले. दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे पक्की केली. शाळेचा उंबरठा न चढलेल्या या माणसाने आयुष्यभर लिहिले, गायले, गावोगाव पायपीट केली. आणि त्यांच्याही आधी याच जिल्ह्यातल्या कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसा घेऊन फिरत होते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह (१९३०) आणि येवल्याची घोषणा (१९३५) ज्या जिल्ह्यात झाली, त्या जिल्ह्यात विचार पुस्तकातून पोहोचण्याआधी ढोलकीवरून पोहोचला. वाचता न येणाऱ्या समाजाचे ते वर्तमानपत्रच होते!

वहिनींना विचारले. त्या म्हणाल्या, 'मला प्रल्हाद शिंदे लागतात. सकाळी चूल पेटली की तेच.' मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'विठ्ठलाचीपण ऐकते, बरं का. तुम्ही लोक रागावाल.'

गुरुजी खाली बघायला लागले. ही गोष्ट आपल्याकडे अनेक घरांत आहे आणि कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबतो. प्रल्हाद शिंदे (१९३३-२००४) यांनी बाबासाहेबांची गाणी गायली, कव्वाल्या गायल्या आणि पंढरीच्या विठ्ठलाचीही गायली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला यातली विसंगती दिसणारच, आणि ती नाही असे मी म्हणणार नाही. पण गायकाचे पोट कोण भरत होते? आपण त्याला जयंतीच्या रात्री बोलावले, हार घातला, बक्षिसे पुकारली, आणि सकाळी एस.टी.त बसवून दिले. वर्षाचे उरलेले दिवस त्याला बाजाराने पोसले, आणि बाजाराला आषाढी-कार्तिकीच्या कॅसेटी हव्या होत्या. त्या आवाजाचा हिशेब मागण्याआधी आपण आपला हिशेब द्यावा. वहिनींना मी सांगितले, ऐका. आवाज आपलाच आहे.

१९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा काय घडले हे नीट समजून घेण्यासारखे आहे. त्याआधी गाणे ध्वनिमुद्रित व्हायचे म्हणजे मोठ्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागे, आणि त्या दारातून आमच्यापैकी फार थोडे आत गेले. कॅसेटची नक्कल मात्र छोट्या गाळ्यातही निघू लागली. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला पुस्तकांच्या शेजारी कॅसेटींचे स्टॉल लागले. सहा डिसेंबरला मुंबईला गेलेला माणूस परत येताना पिशवीत बाबासाहेबांचे एखादे पुस्तक, एक फोटो आणि दोन कॅसेटी आणू लागला. आमचे घरातले संगीत असे उभे राहिले. कुठल्या अकादमीने उभे केले नाही.

गुरुजींच्या नातीने मोबाईल काढला. तिची यादी वेगळीच! एकतारी घेऊन गाणाऱ्या कडूबाई खरात. मग चेन्नईची मंडळी, 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने हा गट उभा राहिला आणि २०१८ च्या जानेवारीत पहिल्यांदा रंगमंचावर आला. नात म्हणाली, 'तमीळ एक शब्द कळत नाही आजोबा, पण कळतं.' मी तिला त्या नावामागची गोष्ट सांगितली. 'जातिविहीन तमीळ' ही कल्पना पंडित अयोथी दास यांची. १८४५ ते १९१४ हा त्यांचा काळ. १८९८ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधी, त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता. तिला हे माहीत नव्हते. खरे सांगायचे तर हे मलाही फार उशिरा कळले.

तिच्या यादीत आणखी एक गाणे होते. मुंबईच्या 'स्वदेसी' या रॅप करणाऱ्या तरुणांनी २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन केलेले 'द वारली रिव्होल्ट'. ते तिने लावले तसा इतका वेळ गप्प बसलेला कोकणा मित्र पुढे सरकला. पूर्ण ऐकून म्हणाला, 'पुन्हा लाव.'

मग मी त्याला विचारले, तुम्ही काय ऐकता? त्याने खिशातून मोबाईल काढून त्याच्या चुलत्याची पावरी ऐकवली. डोंगऱ्या देवाच्या उत्सवात रात्री वाजलेली. वाऱ्याचा आवाज, माणसांचे पाय, आणि त्यावर लांबलचक सूर. म्हणाला, 'आमची कॅसेट कुणी काढली? तुमच्याकडे डबा आहे, आमच्याकडे तोही नाही. चुलता गेला. आता हे एवढंच आहे, आणि मोबाईल बिघडला तर हेही नाही.' शेजारच्या जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याच्या भिकल्या लाडक्या धिंडा यांच्या तारप्याला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आनंद आहे. पण इकडच्या लग्नांत आता तारप्याचा सूर कीबोर्डवर वाजतो. दुधी भोपळा पोखरून तारपा करणारे हात कमी होत चालले, आणि बटण दाबणारे वाढले.

बटणावरून आपल्या डीजेचा विषय निघणारच. आवाजाने कानठळ्या बसतात, म्हाताऱ्यांना त्रास होतो, हे सगळे बोलून झाले आहे. गुरुजींनी वेगळाच मुद्दा काढला आणि तो मला घरी येईपर्यंत सोडेना. आपल्या भीमगीतात कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. संतांच्या अभंगात जशी नाममुद्रा असते तशी. वामनदादांच्या गाण्यात अखेरीस 'वामन' येतो. ज्याच्याजवळ छापखाना नव्हता, करारपत्र नव्हते, वकील नव्हता, त्याने आपली सही गाण्यातच करून ठेवली! आणि डीजे काय करतो? धृपद उचलतो, तेच चार वेळा फिरवतो, फार तर पहिले कडवे घेतो आणि पुढच्या गाण्यावर उडी मारतो. शेवटचे कडवे येतच नाही. म्हणजे नेमकी सही तेवढी कापली जाते. मोबाईलवर टाकलेल्या गाण्यांचे तेच. खाली टाकणाऱ्याचे नाव, चॅनेलचे नाव, मिरवणूक काढणाऱ्या मंडळाचे नाव. कवीचे नाव नाही.

कायदा आता आपल्या बाजूने बरा आहे. गीत पुढे वाजेल त्याच्या मानधनात गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा राहावा, तो त्याच्याकडून एकरकमी लिहून घेता येऊ नये, अशी दुरुस्ती कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झाली. तोवर आमच्या बहुतेक कवींची गाणी किरकोळ रकमेवर गेलेली होती. लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. वामनदादांच्या बाबतीत तो २०६४ च्या अखेरीपर्यंत आहे. पण हक्क कुणाचा हे सांगायला आधी गाण्याखाली नाव तर पाहिजे! पुण्या-मुंबईच्या भावगीताचा कवी कोण, यावर तासन् तास वाद घालणारे लोक आमच्या गाण्याला सरसकट 'पारंपरिक' म्हणून मोकळे होतात. पारंपरिक म्हणजे बिनमालकाचे. गायरानासारखे.

इतके सगळे दुसऱ्यांना सुनावून झाल्यावर माझेही सांगतो. माझ्या आईकडे अशाच तीस-चाळीस कॅसेटी होत्या. श्रावण यशवंते होते, विठ्ठल उमप होते, काही तर वस्तीतल्याच शाहिरांच्या, ज्यांची दुसरी प्रत कुठेही असणे शक्य नाही. आई गेल्यावर घर रंगवायला काढले तेव्हा मी त्या गोणीत भरून भंगारवाल्याला दिल्या. मशीन नाही, आता कोण ऐकतो, असे म्हणालो होतो. त्याने मला त्यांचे किती पैसे दिले तेही आठवत नाही. हे मी ओटीवर सांगितले तेव्हा कुणी काही बोलले नाही. वहिनींनी डबा जवळ ओढून झाकण लावले.

गुरुजींच्या कॅसेटची दुसरी बाजू अडली आहे. हरसूलच्या पावसात फितीवर पांढरी बुरशी धरली आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. नात म्हणाली, काम अवघड नाही. बुरशी कोरड्या मऊ फडक्याने टिपायची, फीत एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे हलक्या हाताने फिरवून मोकळी करायची, टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाला जोडायची आणि फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरून घ्यायचे. घाई करायची नाही, कारण बुरशीची फीत एकदा तुटली की तुटली. आणि भरून झाल्यावर गाव, अंदाजे साल, गाणारा, लिहिणारा, ढोलकीवाला, जे जे आठवेल ते लिहायचे. यातले आठवणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

अडचण टेपरेकॉर्डरचीच. गुरुजींच्या मशीनचा पट्टा सैल झाला आहे, दादांचा आवाज मधूनच जड होतो. नाशिकला जुन्या बाजारात पट्टा मिळतो का बघतो, असे मी कबूल केले. निघताना कोकणा मित्राने चुलत्याच्या पावरीची फाईल माझ्या मोबाईलवर पाठवली. रेंज नव्हती, म्हणून ब्लूटूथने. अकरा मिनिटांची आहे. नातीनेही आपल्याकडे एक प्रत घेतली आणि फाईलला नाव काय द्यायचे म्हणून विचारले. त्याने चुलत्याचे पूर्ण नाव सांगितले, मग पाड्याचे, आणि मग म्हणाला, 'पावरी त्यानंच बनवलेली, तेपण लिही.'