पाचू कवडा

सह्याद्रीतील दाट रानाच्या पायवाटेने सकाळी जात असता कधी कधी अगदी पायाजवळून एक पक्षी फडफडत उठतो. जमिनीपासून जेमतेम पुरुषभर उंचीवरून, झाडांच्या खोडांतून वळणे घेत तो क्षणार्धात दिसेनासा होतो. आपल्याला दिसते ती केवळ एक हिरवी झाक. हा पाचू कवडा होय. तमिळनाडूने यालाच आपला राज्यपक्षी मानले आहे. आपला राज्यपक्षी हरियाळ हाही कबूतरकुळातलाच आणि हिरवट. पण तो झाडांच्या शेंड्यांवर फळे खात हिंडतो, तर पाचू कवड्याचा बहुतेक वेळ जमिनीवरच्या पाचोळ्यात जातो.

आकाराने हा पक्षी नेहमीच्या पारव्याहून लहान, सुमारे २५ सेंटिमीटर लांब असतो. चोच लाल, अंगाखालची बाजू जांभळट गुलाबी आणि नराचे कपाळ पांढरे. मादीचा रंग जरा फिकट, तपकिरी. पंखांचा हिरवा रंग मात्र फसवा आहे. त्या पिसांत हिरवे रंगद्रव्य नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होताना हा रंग उमटतो. म्हणूनच ऊन वेगळ्या कोनातून पडले, की तोच पंख काशाच्या भांड्यासारखा तांबूस चमकतो. शास्त्रीय नावातील ‘चाल्कोफॅप्स’ या शब्दाचा अर्थही ‘काशाच्या रंगाचे कबूतर’ असाच आहे.

गळून पडलेल्या बिया आणि फळे हे त्याचे मुख्य खाद्य. वाळवीही तो टिपतो. फळे खाणारा पक्षी म्हणजे बिया पेरणारा, झाडांचा मित्र, असे आपण सरसकट म्हणतो. येथे तसे म्हणता येत नाही. पाचू कवड्याची पेषणी स्नायुमय असते, व गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने ती बियांचे पीठ करून टाकते. मोठी फळखाऊ कबुतरे गर पचवून बी अखंड बाहेर टाकतात. हा बहुधा बीच पचवतो.

पण अशा कोरड्या, कठीण बियांवर पिले कशी वाढावीत? घरटे म्हणजे लहान झाडावर वा बांबूत रचलेल्या चार काटक्या. त्यात दोन मळकट पांढरी अंडी. पिले बाहेर येण्याच्या सुमारास नर आणि मादी या दोघांच्याही अन्नपुटाचे अस्तर जाड होते, आणि त्याच्या पेशी सुटून दह्यासारखा पदार्थ बनतो. हेच ‘कबुतराचे दूध’. त्यात प्रथिने व मेद भरपूर असतात, दुधातली साखर मात्र नसते. ही क्रिया घडवणारे संप्रेरक प्रोलॅक्टिन. ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या दशकात ते ओळखले, तेही कबुतरांच्या अन्नपुटावर प्रयोग करून. सस्तन प्राण्यांत दूध निर्माण होण्यामागेही हेच संप्रेरक असते!

सखल भागातून वेगाने उडण्याची सवय खोडांच्या गर्दीत उपयोगी पडते. रानाच्या कडेला बांधलेल्या घरांपाशी मात्र ती जिवावर बेतते. खिडकीच्या काचेत झाडांचे प्रतिबिंब दिसते, पक्षी त्यालाच मोकळी वाट समजतो आणि आदळतो. अशा काचेवर बाहेरच्या बाजूने, चार बोटांहून जास्त अंतर न ठेवता, खडूने वा रंगाने उभ्या रेघा ओढल्या, तर ती वाट बंद आहे हे त्याला दुरूनच कळते.