पायथनचे संकेतस्थळ सर्व्हरवर चढवताना

जँगो ही पायथनमधील वेब-चौकट २००५ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्यासोबत येणारा 'रनसर्व्हर' चाचणीपुरता उत्तम असला, तरी तो खऱ्या वापरासाठी लावू नये, असे तिच्या अधिकृत माहितीतच बजावलेले आहे. प्रत्यक्षात हे काम दोघांत वाटले जाते: एंजिनएक्स हा वेब-सर्व्हर बाहेरून आलेली प्रत्येक विनंती प्रथम स्वीकारतो, चित्रांसारख्या न बदलणाऱ्या फाइली स्वतःच देऊन टाकतो आणि उरलेल्या विनंत्या गनिकॉर्नकडे, म्हणजे पायथनचा कोड चालवणाऱ्या सर्व्हरकडे, सोपवतो. गनिकॉर्न आणि जँगो यांच्यातील देवाणघेवाण 'डब्ल्यूएसजीआय' या २००३ साली मांडलेल्या संकेतानुसार होते. त्यामुळे एक बदलला, तरी दुसऱ्याला सहसा हात लावावा लागत नाही. प्रोसेसरच्या गाभ्यांच्या दुपटीत एक मिळवून तितक्या प्रक्रिया समांतर चालवाव्यात, म्हणजे २ गाभ्यांवर ५, असा गनिकॉर्नचा ठोकताळा आहे. रॅम तोकडी असेल, तर मात्र तो आकडा निमूटपणे खाली आणावा लागतो. सर्वांत घातक चूक एका ओळीची असते: जँगोच्या सेटिंग्जमध्ये 'डीबग = ट्रू' तसेच राहिले, तर पान कोसळताच कोडचे तुकडे, फाइलींचे मार्ग आणि बरीचशी अंतर्गत मांडणी कोणाही परक्याला पडद्यावर निवांत वाचता येते.