भांगेचें झाड व सह्याद्रीची उंची

घरांतील एका तरुणानें परवां आम्हांस विचारलें, "अलमोड्याची उंची सुमारें १६०० मीटर, इगतपुरीच्या सीमेवरील कळसूबाईची १६४६. मग कुमाऊंप्रमाणें नाशिकच्या डोंगरांत भांग कां लावूं नये?"

प्रश्न भोळा नव्हे. पण पीक केवळ उंचीवर अवलंबून नसतें. सह्याद्रीचा पाऊस मुसळधार, आणि या झाडाच्या मुळांस सांचलेलें पाणी सोसत नाहीं. शिवाय दिवस लहान होऊं लागले कीं तें फुलावर येतें. उत्तरेकडे उन्हाळ्याचे दिवस आपल्याहून मोठे. म्हणून तेथें तें उंच वाढतें व दोरखंडास वाख देतें. तेथील गृहिणी त्याच्या बियांची चटणीहि वाटतात; बियांत नशा नसते.

कायद्याची गोष्ट निराळी. १८९३-९४ च्या सरकारी कमिशननें बंदीऐवजीं कर व नियंत्रण सुचविलें होतें. १९८५ च्या कायद्यान्वयें मात्र विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. उत्तराखंडानें २०१८ सालीं परवाना दिला, तोहि वाखाच्या, अत्यल्प नशेच्या जातीस.

तरुणाच्या उमेदीचें आम्हांस कौतुक आहे. परंतु एका वाफ्यापायीं सबंध कुटुंबाची शेती व अब्रू पणास लागूं नये. परवाना हातीं येण्यापूर्वीं बीं मातींत पडूं नये, एवढेंच आमचें सांगणें.